उलट्या अंगाची मुरड

पाटीवरून एडवर्डचं नाव गेलं तेव्हा शुक्रवारचे साडेदहा वाजले होते आणि तो तीनशे बाराव्या पिरोगीला मुरड घालत होता. पाटी काही फार मोठी नव्हती. वीतभर पुठ्ठ्याचं कार्ड, कोपऱ्यात पोलंडचा लाल-पांढरा झेंडा, खाली 'लाइव्ह स्टेशन : शेफ एडवर्ड तुस्कानो'. चार दिवस ते किचनच्या खिडकीत, ऑर्डरच्या चिठ्ठ्यांशेजारी उभं होतं आणि येता-जाता एडवर्ड त्याच्याकडे न बघितल्यासारखं करून बघत होता. इव्हेंट्सचा ताहिर मोबाइलवर बोलत आला, बोलता बोलता त्याने ते कार्ड उचललं, त्या जागी दुसरं ठेवलं आणि बोलतच परत निघाला. नव्या कार्डावर 'शेफ मिलान' असं होतं. मिलान म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या जिममधला ट्रेनर. सहा फूट दोन इंच, सोनेरी दाढी, गाव सर्बियात. पिरोगी त्याने आयुष्यात एकदाच खाल्ली होती, परवा, स्टाफ कँटीनमध्ये, एडवर्डच्याच हातची. तीही आतलं चीज तेवढं उकरून, कारण तो मैद्याला शिवत नाही.

"ताहिरभाई, ये क्या है?"

ताहिरने फोनवर हात धरला. "दिल पे मत लो शेफ. गेस्ट को फील चाहिए. पोलंड का प्रोग्राम है, तो... आप समझते हो."

"मिलान पोलंड का है?"

"यूरोप का तो है." ताहिरला हे पुरेसं वाटलं. मग त्याला दया आली असावी. "देखो, आप तो इस किचन का दिल हो. दिल अंदर रहता है ना? बाहर आया तो आदमी खलास."

एडवर्डने पुढची चकती उचलली. हात चालूच राहिले. बोटांना बातमी पोचायला वेळ लागतो. चकती तळव्यावर, बटाटा आणि चीजचा गोळा मधे, अर्धी घडी, आणि मग डाव्या हाताचा अंगठा कड दुमडत, दाबत, दुमडत जायचा. राग आला की या हॉटेलात कोल्ड रूममध्ये जायची रीत होती. दार ओढून घ्यायचं, चार डिग्रीत उभं राहून आपापल्या भाषेत मनसोक्त शिव्या द्यायच्या आणि दुधाचा कॅन उचलून बाहेर यायचं, म्हणजे कुणी काही विचारत नसे. नेपाळी, मल्याळी, सिंहली, तागालोग अशा सगळ्या भाषांतल्या शिव्या त्या खोलीतल्या कोबीने ऐकल्या होत्या. आज एडवर्ड तिकडे गेला नाही. हा राग थंड होऊ द्यायचा नाही असं त्याच्या मनाने परस्पर ठरवून टाकलं होतं.

प्रोग्रामचं नाव होतं 'क्राकोव : चाखा आणि शहर ओळखा'. बहारीनच्या सीफ भागातल्या या हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये अख्खं एक पोलिश शहर उभं केलेलं. थर्मोकोलची घोडागाडी, पडद्यावर रंगवलेला चर्चचा मनोरा, धाग्याने लटकवलेली कबुतरं. एक गाइडबाई खास तिथून विमानाने आणलेली. तिने तीस पाहुण्यांना पाच मुक्काम फिरवायचं, प्रत्येक मुक्कामी एक घास आणि एक गोष्ट, आणि दोन तासांनी पाहुण्यांना ते शहर कळलेलं असणार. एडवर्डला यात काही वावगं वाटत नव्हतं. बावीस वर्षांत, खाद्यसप्ताहांच्या निमित्ताने, त्याने थायलंड केला होता, मेक्सिको दोनदा केला होता, इटली तर रोजचीच. मेक्सिकोच्या वेळी काठमांडूच्या भीमला मोठी टोपी घालून बाहेर उभं केलं तेव्हा कुणाची हरकत नव्हती, लांबून चालून जात होतं. एडवर्ड कशातच चालून जात नव्हता. तो जिथून आला होता तिथला सप्ताह कुणी कधी केलाच नव्हता. त्याच्या मनात येई, मनाम्याचं असं दर्शन कुणी काढलं, तर गाइडला पाहुण्यांना मागच्या दारांनीच फिरवावं लागेल. इथे बहारीनी मच्छीभात पालक्काडचा माणूस करतो, इथे जपानी सुशी नेपाळी माणूस वळतो, या पुढे, सांभाळून, फरशी ओली आहे, आणि हे वसईचे तुस्कानो, हे सध्या पोलंड आहेत.

पण यावेळी कार्ड छापलं होतं. आणि कार्ड छापल्यामुळेच त्याने सॅब्रिनाला सांगितलं होतं. त्याची मुलगी, एकोणीस वर्षांची, सखीरच्या युनिव्हर्सिटीत बिझनेसला. तिच्या प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने 'हॉस्पिटॅलिटी' लिहिलेलं त्याने पाहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं. हॉटेलचा मालकही तेच लिहिणार आणि भांडी घासणाराही तेच. आठवीत असताना तिच्या शाळेत आईवडिलांनी येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचा दिवस होता. त्याची बायको सेलिन नर्सच्या कपड्यांत गेली होती, टाळ्या घेऊन आली होती, आणि एडवर्ड त्या सकाळी दोनशे माणसांच्या नाश्त्याची अंडी फोडत होता. त्यानंतर मुलीने त्याच्या कामाविषयी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. या सोमवारी हिद्दच्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवताना त्याने मोबाइलवर कार्डाचा फोटो उघडून तिच्यापुढे सरकवला. तिने तो मोठा करून बघितला, नावापर्यंत. "वॉव, डॅडी! कॅन आय कम? सुहा अँड आमिना टू? यू विल बी आउटसाइड ना? नॉट इन द बॅक?" तो म्हणाला, "बाहेर. अगदी मध्यभागी." हे शेवटचे दोन शब्द त्याने उगाच घातले होते, आणि आता तेच त्याला टोचत होते.

मुरड त्याला आईने शिकवली होती. वसईला, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, घरात मुलगी नव्हती म्हणून चारही मुलगे करंज्यांना बसायचे. आई विनवायची नाही. अंगणात येऊन फक्त म्हणायची, "हात धुऊन या." तेवढंच. मग क्रिकेट असो, मधेच आउट व्हायचं राहिलेलं असो, बॅट टाकून रांजणाकडे जायचं. आई डावखुरी. तिची मुरड उलट्या अंगाने जायची, उजवीकडून डावीकडे, आणि शेवटचं टोक मागे वळवून ती खाली खोचून टाकायची, तळताना सुटू नये म्हणून. एडवर्ड तिच्या शेजारी बसून शिकला, त्यामुळे लिहिणं, सुरी धरणं, क्रूस काढणं सगळं उजव्या हाताने आणि मुरड तेवढी डाव्या. गावात नाताळची ताटं या घरातून त्या घरात जात, आणि ताटावर कितीही घरच्या करंज्या मिसळू देत, बायका एक उचलून सांगत, ही तुस्कानोंची, उलटी आहे. तीन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा हॉटेलात जपान चालू होता. लीव्ह मिळाली ती सातव्या दिवशी. एडवर्ड पोचला तेव्हा कबरीवरची फुलं सुकलेली होती आणि स्वयंपाकघरात भावजयीने करंज्यांचा साचा आणून ठेवलेला होता, प्लास्टिकचा, हिरवा, दाबला की आपोआप नक्षी.

"काय ओ शेफ, आज अंगठा जरा जास्तच दाबताय." हा तुकाराम. संगमेश्वरकडचा, स्टुअर्डिंगमध्ये, म्हणजे भांडी, कचरा आणि पाहुण्यांना दिसू नये ते सगळं. त्याने नवीन कार्ड वाचलं होतं. "मिलान म्हणजे तो दंडवाला ना? आता दंडाने पिळणार काय पिरोग्या?"

"काम कर तुकाराम."

"करतोय की. एक विचारू? ही उकडीची करंजी खाऊन त्या लोकांना ते गाव कळणार म्हणता?"

"कळणार."

"बावीस वर्षं आपन हितं ह्यांची खुबूस रोटी खातोय. आपल्याला काय कळलं हो?"

एडवर्डला हसू आलं नाही. एरवी आलं असतं.

गाइडबाई डोरोटा मंगळवारी किचनमध्ये आली होती. पन्नाशीची, आखूड केस, पायात खरोखर चालणाऱ्या माणसाचे बूट. रेसिपीचा कागद तिचाच होता. त्यावर कड काट्याने दाबावी असं स्पष्ट लिहिलेलं. एडवर्डने मळलं, लाटलं, भरलं, आणि कडेपाशी आल्यावर हाताने काट्याकडे न जाता आपला जुना रस्ता धरला. चूक त्याच्या लक्षात आली तोवर दोन ताटं भरली होती. डोरोटाने एक उचलली, उजेडात धरून फिरवली. "हे कुणी शिकवलं?" एडवर्ड म्हणाला, आईने. मग का कोण जाणे, त्याने सगळंच सांगितलं. डावखुरेपण, ताटं, बायका उचलून ओळखत ते. या हॉटेलात त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. डोरोटा स्टुलावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "माझी आजी काट्यानेच दाबायची. घाईत असायची बिचारी." आणि म्हणाली, अशीच करा, काटा नको. एडवर्डला ती बाई आवडली होती. आता हे आठवून त्याला स्वतःचाही राग येत होता.

दीडला प्रोग्राम सुरू झाला. किचन आणि हॉलच्या मधल्या दाराला डोळ्याच्या उंचीवर गोल काच होती. एडवर्ड शेवटचं ताट पुरं करता करता तिथे जाऊन उभा राहिला, हातात पिरोगी तशीच. डोरोटा उघडलेली लाल छत्री उंच धरून पुढे, मागे तीस माणसं. मनोऱ्यावरून तुतारी वाजली, वाजवणारा लॉबीतल्या बँडमधला फिलिपिनो सॅक्सोफोनवाला, आणि सूर मधेच तुटला. त्या शहरात म्हणे दर तासाला तो असाच तोडतात, कधीकाळी एका तुतारीवाल्याला वाजवता वाजवता बाण लागला होता म्हणून. ताहिरला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने घाईघाईने मेंटेनन्सला फोन लावला. सॅब्रिना तिसऱ्या रांगेत होती, निळ्या ड्रेसमध्ये, दोन मैत्रिणींच्या मधे. तीळ लावलेलं पावाचं कडं हातात घेऊन ती ते न खाता मान उंच करून बघत होती. मोबाइल एडवर्डच्या खिशात थरथरला. 'वेअर आर यू?' मग परत. 'डॅडी?' पिठाच्या हाताने त्याने तो बंद केला.

तिसरा मुक्काम पिरोगीचा. मिलान टेबलामागे उभा, छातीवर ताणलेलं पांढरं कापड, त्यावर अजून घडीच्या रेघा. त्याच्यापुढे चकत्या मांडल्या होत्या आणि तो त्यांना हात न लावता हसत होता. आमिनाने त्याचा फोटो काढला. सॅब्रिनाने कार्ड वाचलं. तिने ते दोनदा वाचलं हे एडवर्डला काचेतून दिसलं. सुहाने तिला काहीतरी विचारलं आणि तिने खांदे उडवले. बापाबद्दल खांदे उडवायला तिला असं कितीसं बळ लागलं असेल, हे तो मोजत राहिला. डोरोटाने एक उकडलेली पिरोगी चमच्यावर घेतली. हॉलमधला माइक किचनमध्येही ऐकू यायचा, स्टाफला वेळ कळावी म्हणून. "ही कड बघा," डोरोटा म्हणाली. "प्रत्येक घराची वेगळी असते. ही माझ्या आजीची. आजी डावखुरी होती. त्यामुळे ही उलटी जाते, आणि टोक बघा, खाली खोचलेलं. ताटात शंभर घरच्या पिरोग्या मिसळल्या तरी गावातल्या बायका उचलून सांगत, ही डोरोटाच्या आजीची."

पाहुण्यांनी 'आऽ' असा आवाज काढला. एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला. एडवर्डला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. पाय घसरल्यावर आपटण्याच्या आधी जो एक रिकामा क्षण असतो, तसं. मग कानशिलं तापली. कार्ड गेलं ते गेलं, कार्ड पुठ्ठ्याचं होतं. पण आईला उचलून नेलं होतं. तिचा डावा हात, तिची ताटं, शेजारणी, अंगण, सगळं सामानासकट, आणि नेताना डोरोटाने स्वतःचं काटेवालं घाईतलं म्हातारं माणूस मात्र तिथेच टाकून दिलं होतं, कारण त्याला फील नव्हता. त्याने त्या बाईला शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच सॅब्रिनाने आपल्या बशीतली पिरोगी उचलली. काटा बाजूला ठेवून, हाताने. कड कडेने तोडली, पूर्ण, दोरीसारखी, आणि आधी ती खाल्ली. लहानपणी वसईहून डबा यायचा तेव्हा ती असंच करायची, मुरड खाऊन सारण ताटात टाकायची आणि सेलिनच्या शिव्या खायची. आताही तिने पोट बशीत ठेवलं. तोंड चालू होतं, आणि डोळे मिलानकडे होते, तो काहीतरी बोलला त्यावर ती हसली. माझ्या आईची मुरड खाऊन त्या दंडवाल्याकडे बघून हसतेस, एडवर्ड काचेवर म्हणाला. काच धुरकटली. ओळखत नाहीस? आणि त्यासरशी त्याला उत्तरही सुचलं, आणि त्या उत्तराने राग आणखी वाढला. ओळखणार कशी? तिला कोण म्हणालं होतं कधी, हात धुऊन ये? एकोणीस नाताळ. एकोणीस वेळा तो या दाराच्या अलीकडे परक्यांच्या टर्की भाजत होता.

"शेफ, भात लागंल तुमचा," मागून तुकाराम म्हणाला.

"लागू दे."

चौथा मुक्काम कोबी आणि गोमांसाच्या सॉसेजचा होता, तो झाला. पाचव्याला लांब टेबल होतं, पांढरी चादर, चादरीखाली वाळलेलं गवत. पाहुणे खुर्च्यांवर बसले. एक खुर्ची मोकळी, तिच्यापुढे एक रिकामी ताटली, सुरी-काटा मांडलेला. डोरोटाने आवाज हळू केला. "नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एक ताट जास्त मांडतो. न बोलावता कुणी आलं तर. जो दारात येईल त्याला तू कोण, कुठला, विचारायचं नाही. आत घ्यायचं. बसवायचं. हे आमचं शहर आहे."

एडवर्डने खांद्याने दार ढकललं.

हॉलच्या गालिच्यावर किचनच्या बुटांचा आवाज येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. थर्मोकोलच्या घोड्याला वळसा घालून तो टेबलापाशी आला, खुर्ची ओढली आणि बसला. अंगावर एप्रन, कोपरापर्यंत पीठ. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मग रुमालवाल्या बाईने टाळी वाजवली, आणि लगेच सगळ्यांनी. काय सुंदर बसवलंय, कुणीतरी म्हणालं. तीसेक मोबाइल वर झाले. ताहिर भिंतीजवळ उभा होता, त्याच्या चेहऱ्यावरून तीन-चार भाव गेले आणि शेवटी तो हसला. त्याने अंगठा वर केला. हा राग इतका जपून, इतका गरम आणला होता, आणि तोही यांनी वाढून घेतला. एडवर्डला वाटलं, आता आपण ओरडलो तरी हे पुन्हा टाळ्या वाजवतील.

तेव्हा त्याचं लक्ष डाव्या हाताकडे गेलं. तळव्यात ती पिरोगी होती. दारापाशी उभं राहिल्यापासून तिथेच होती, अर्धी मुरडलेली, अर्धी उघडी. त्याने ती रिकाम्या ताटलीत ठेवली आणि ताटली डोरोटाकडे सरकवली.

"अर्धी राहिलीये," तो इंग्रजीत म्हणाला, किचनमध्ये बोलायचं त्याच साध्या आवाजात. "तुमच्या आजीची आहे ना? पुरी करा."

टाळ्या थांबल्या नाहीत, विरळ झाल्या. डोरोटाने छत्री खाली ठेवली. पिरोगी उचलली, दोन्ही हातांनी धरली, अंगठा कडेवर टेकवला. अंगठा उजवा. कणकेने एक घडी घेतली, दुसरी घेतली नाही, सारण फटीतून बाहेर आलं आणि तिच्या बोटाला लागलं. तिने पुन्हा केलं. मान वर न करता ती म्हणाली, माइक कॉलरलाच होता त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं, "माझी आजी काट्याने दाबायची."

"यल्ला, यल्ला, डेझर्ट!" ताहिर टाळ्या वाजवत पुढे आला. "लेडीज अँड जेंटलमेन, चीजकेक, धिस वे, धिस वे." माणसं उठली. खुर्च्या मागे सरल्या. चीजकेक खरोखरच चांगला झाला होता. तोही एडवर्डनेच केला होता. जाता जाता ताहिर कानाशी वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "संडे को ऑफिस में मिलते हैं, शेफ." डोरोटा काहीतरी म्हणायला थांबली. एडवर्डने तिच्याकडे बघितलं नाही. तिने माफी मागितली असती तर ती ठेवायला त्याच्याकडे त्या क्षणी जागा नव्हती. ती गेली.

टेबलावर एक जण राहिलं होतं. सॅब्रिना समोरच्या बाजूने उठून त्याच्या शेजारच्या खुर्चीवर आली. सुहा आणि आमिना घोडागाडीपाशी उभ्या राहून इकडे बघत होत्या. सॅब्रिनाने आपली बशी सोबत आणली होती, तीत कड तोडलेलं पोट. तिने ताटलीतली फाटकी पिरोगी बोटाने फिरवली, जिथून त्याने मुरड सुरू केली होती तिथपर्यंत, आणि त्या जागी बोट ठेवलं.

"आज्जी?" ती म्हणाली.

एडवर्डला अजूनही राग होता. ताहिरचा, त्या बाईचा, दंडवाल्याचा, टाळ्यांचा. या मुलीचा होता, तिच्या खांदे उडवण्याचा, आणि सगळ्यांत जास्त एकोणीस नाताळांचा. तो कमी झाला नव्हता. त्याने ताटली उचलली, उठला आणि किचनच्या दाराकडे निघाला. दार खांद्याने उघडून धरलं आणि मागे न बघता म्हणाला,

"हात धुऊन ये."